घरी बांधलेले विमान आणि त्याची वही



शहापूर-मुरबाडच्या बाजूला ज्यांनी भाताची लावणी पाहिली आहे, त्यांना इरले म्हणजे काय हे सांगावयास नको. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यात दाबून बसवलेली पाने, आणि हे सारे डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर घेऊन चिखलात वाकलेली माणसे. आता प्लॅस्टिकच्या कागदाने इरल्याला बहुतेक हद्दपारच केले आहे. पण ज्याने ते एकदा पाठीवर घेतले आहे, त्याला एक गोष्ट पक्की आठवत असेल. बांधावरून चालताना पश्चिमेचा वारा इरल्याच्या खाली शिरला, की इरले माणसाला सोडून वर निघू पाहते. दोन्ही हातांनी ते धरून ठेवावे लागते.

हलका सांगाडा, त्यावर पातळ आवरण, आणि वाऱ्याचा उचलणारा जोर. विमानाच्या पंखाचे मूळ साहित्य एवढेच आहे. फरक असा की इरल्याखाली वारा आपल्या मर्जीने शिरतो. विमान स्वतः वेगाने धावून वारा अंगावर घेते, आणि पंखाच्या बेतशीर आकारामुळे तो वारा खाली वळतो व पंखाला वर रेटतो.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे एक प्रश्न. इतिहासाच्या तासाला आमच्या वर्गात कोणी ना कोणी विद्यार्थी तो विचारतोच. “सर, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, १८९५ साली, आपल्या मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले होते ना? मग पुस्तकात राइट बंधूंचेच नाव का?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांत अभिमान असतो. तो मोडावा असे कोणत्याही शिक्षकाला वाटत नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट खरी म्हणून सांगावी असेही वाटत नाही. मोठी पंचाईत होते. अशा वेळी मी उत्तराची घाई करीत नाही. आधी त्याला पंख कसा बांधतात ते सांगतो. आज तेच तुम्हालाही सांगणार आहे. प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघेल.

विमान म्हटले की आपल्यापुढे मोठा कारखाना उभा राहतो. परंतु जगात अशी हजारो विमाने आहेत, जी कारखान्यात तयार झालेली नाहीत. कोणी घरामागच्या शेडमध्ये, कोणी मोटार ठेवण्याच्या खोलीत, सुटीच्या दिवशी आणि रात्री जागून ती बांधली आहेत. ही हौस नवी नव्हे. ब्राझीलचा सांतोस-द्युमाँ हा फ्रान्समध्ये राहून विमाने बांधीत असे. त्याच्या ‘द्म्वाझेल’ नावाच्या चिमुकल्या विमानाच्या सांगाड्यात चक्क बांबू वापरलेला होता! आपल्या इरल्याचा भाऊबंदच म्हणा ना. त्या विमानावर त्याने हक्क राखून ठेवला नाही, आणि १९१० साली अमेरिकेतल्या एका मासिकात त्याचे आराखडे छापून आले. पुढे १९२९ च्या सुमारास मिनेसोटा राज्यातल्या बर्नार्ड पीटेनपोल याने लाकडी विमान तयार करून त्याला फोर्ड मोटारीचे इंजिन बसवले. १९५३ मध्ये अमेरिकेत अशा हौशी बांधकाम करणाऱ्यांची संघटना निघाली. १९७० नंतरच्या काळात सुट्या भागांचे संच विकणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. संच घ्यावा, पेट्या उघडाव्या, आणि नकाशाप्रमाणे जोडकाम करावे. अमेरिकेत मात्र एक अट आहे. कामाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनी स्वतः केलेला असला, तरच ते विमान ‘घरी बांधलेले’ म्हणून नोंदले जाते.

आता त्या पेट्यांतल्या पंखाकडे वळू.

आपल्याकडे कौलारू घर उभे करतात तेव्हा आधी आढे, मग वासे, मग रीपा, आणि शेवटी कौले. पंखाचेही तसेच. विमानाच्या धडापासून पंखाच्या टोकापर्यंत जाणारी मजबूत तुळई, तिला इंग्रजीत ‘स्पार’ म्हणतात, आपण कणा म्हणू. या कण्याला आडव्या बसतात त्या फासळ्या. पंखाचा फुगीर आकार त्या ठरवतात. आणि या सर्वांवर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. मात्र घराच्या कौलांवर आणि या पत्र्यावर एक फरक आहे. कौले काढली तरी घराचा सांगाडा उभा राहतो. इथे पत्राही भार घेतो. त्याच्यावाचून पंख पिळवटून जाईल.

सर्वांत मोठा भार कण्याचा, आणि तोही धडाजवळ. पाण्याने भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा. दुखते कुठे? मनगट दुखेल, पण खरी कळ खांद्यात येते. पंखाचा खांदा म्हणजे तो धडाला जोडला जातो ती जागा. म्हणून कणा तिथे जाड असतो आणि टोकाकडे बारीक होत जातो. हिशेब करावयाचा तर असा: ८०० किलो वजनाचे लहान विमान सरळ उडत असताना दोन्ही पंख मिळून ८०० किलो तोलतात. तेच विमान उंची न सोडता ६० अंश कलून वळले, की पंखांवर १,६०० किलोचा भार येतो. वजन वाढलेले नाही, पण भार दुप्पट झाला. कणा बनवणाऱ्याने हे आधीच धरलेले असते; जोडणाऱ्याने त्याचा हिशेब बिघडवू नये, एवढेच.

आणि हिशेब बिघडतो कुठे? रिबिटीत. आपल्या घरातल्या कढईचा कान पाहा, तो ज्या गोल डोक्याच्या खिळ्यांनी बसवलेला असतो ती रिबीट. पंखात अशा हजारो असतात. काम करण्याची रीत अशी. प्रथम कणा, फासळ्या आणि पत्रा नुसते एकमेकांवर ठेवून तात्पुरत्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी धरतात. सगळे सरळ बसले ना, पिळ पडलेला नाही ना, हे ओळंबा लावून पाहतात. छिद्रे बरोबर मापाची करतात. मग जोडलेले सगळे पुन्हा सुटे करतात! नवख्याला याचाच कंटाळा येतो. पण छिद्र पाडताना त्याच्या काठाला बारीक धारदार कंगोरा उठतो, आणि तो एकेका छिद्राचा हाताने घासून काढावा लागतो. मग गंज चढू नये म्हणून रंगाचा हात देतात, पुन्हा सारे जोडतात, आणि मग कोठे रिबीट मारावयास घेतात. एक माणूस बाहेरून यंत्राने ठोके देतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा दाबून धरतो. आत शिरलेले टोक चेपून त्याचे दुसरे डोके तयार होते. सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या रिबिटीचे हे आतले डोके सुमारे पावणेपाच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरहून थोडे अधिक उंच झाले पाहिजे. कमी चेपले तर पकड ढिली, वाजवीपेक्षा अधिक चेपले तर धातू कमजोर. चुकलेली रिबीट छिद्राला धक्का न लावता काढून नवी मारावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, एका छिद्राच्या कंगोऱ्याचे एवढे काय कौतुक? कापडवाला काय करतो ते आठवा. कापड फाडण्यापूर्वी तो काठाला कात्रीने जरासा छेद देतो, मग एका झटक्यात वार दोन वार कापड सरळ फाटत जाते. धातूचेही तसेच, फक्त तो झटक्यात फाटत नाही, हजारो वेळा ताणला-सोडला गेल्यावर फाटतो. १९५४ साली इंग्लंडची ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. समुद्रातून काढलेले तुकडे आणि पाण्याच्या टाकीतली चाचणी यांवरून शोध लागला, की झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी ताण साचत होता, आणि तिथल्या एका छिद्राच्या काठापासून चीर पसरत गेली होती. ती विमाने तर नामांकित कारखान्यात बांधलेली होती.

आणि आता या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पंखाच्या एका बाजूचा पत्रा बसला, तरी दुसरी बाजू उघडी असते. आतले सर्व दिसते. पण तो दुसरा पत्रा एकदा बसला, की आतल्या बहुतेक सांध्यांवर कायमचा पडदा पडतो. उत्तम काम झाकले जाते, तसे वाईट कामही झाकले जाते, आणि वरून दोन्ही पंख सारखेच चकचकीत दिसतात. म्हणून शहाणा माणूस पत्रा बंद करण्यापूर्वी थांबतो. जाणकार दुसऱ्या माणसाला बोलावतो आणि म्हणतो, “बाबा, आत बघ.” इंग्लंडसारख्या देशात तर परीक्षकाने पाहून सही केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आणि बांधणारा एक वही ठेवतो. कोणत्या तारखेला कोणता भाग जोडला, कोणती रिबीट चुकली, ती कशी बदलली, कोणी तपासले, याची नोंद आणि छायाचित्रे तीत असतात. केरळहून इंग्लंडला गेलेल्या एका अभियंत्याने २०२० च्या टाळेबंदीत चार आसनांचा संच मागवून घरामागे विमान जोडले आणि २०२२ साली बायकामुलांना घेऊन तो त्यातून युरोपात फिरून आला. बायकामुलांना आत बसवण्याचा धीर नुसत्या हौसेतून येत नाही. तो तपासणीतून आणि नोंदीतून येतो.

दुसऱ्याची नजर नसली म्हणजे काय होते, याचाही दाखला इतिहासात आहे. १९३४ साली फ्रान्समधल्या आंरी मिन्ये याने एका इवल्याशा विमानाचे पुस्तक प्रसिद्ध केले. साधी हत्यारे वापरता येणाऱ्या कोणालाही ते बांधता यावे, असा त्याचा आग्रह होता. पुस्तक हातोहात खपले. फ्रान्स-इंग्लंडात सुतारांनी, कारागिरांनी, तरुण पोरांनी हे विमान बांधावयास घेतले. मिन्ये स्वतः त्यात बसून १९३५ साली इंग्लिश खाडी ओलांडून आला. पण मागोमाग अपघात होऊ लागले, माणसे मेली. मग सरकारी प्रयोगशाळांनी पूर्ण आकाराचे विमान मोठ्या वातबोगद्यात ठेवून पाहिले. तेव्हा दिसले, की नाक फार खाली गेले तर पुढच्या व मागच्या पंखांची हवा एकमेकींत गुंतते आणि वैमानिकाने कितीही प्रयत्न केला तरी विमान सावरत नाही. बांधणाऱ्यांच्या हातात दोष नव्हता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे बांधले होते. मिन्येही लबाड नव्हता, स्वतःच्या विमानात स्वतः बसणारा माणूस तो. पण त्याचा अनुभव दुसऱ्या कोणी आधी तपासून पाहिला नव्हता.

आता राइट बंधूंकडे या. सायकलींच्या दुकानातली ही दोन भावंडे. कॉलेजात गेलेली नव्हती. पंखाचे कापड विल्बरने स्वतः शिवणयंत्रावर शिवले होते. जर्मनीचा लिलिएन्थाल १८९६ साली ग्लायडर कोसळून मरण पावला. त्याने मागे ठेवलेले आकड्यांचे तक्ते त्यांनी वापरले, पण ते अनुभवाशी जुळेनात. तेव्हा १९०१ साली त्यांनी लाकडी खोक्याचा वातबोगदा बनवला आणि सुमारे २०० आकारांचे लहान लहान पंख त्यात तपासून आकडे वहीत टिपले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे त्यांनी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे, १२० फूट. चौथे ५९ सेकंदांचे, ८५२ फूट. पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र किनाऱ्यावरच्या जीवरक्षक दलातल्या एका माणसाने काढले, ते आजही आहे. १२० फूट म्हणजे किती हो? गावातल्या शाळेचे मैदानसुद्धा पुरते ओलांडले जाणार नाही. पण त्यांनी ते १,२०० करून सांगितले नाही.

आता पुन्हा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. तळपदे ही खरी व्यक्ती होती. मुंबईतला हा संस्कृताचा व्यासंगी माणूस होता, आणि पारतंत्र्याच्या काळात आपणही विमान करू शकतो असे त्याला वाटले, ही गोष्ट लहान नाही. परंतु त्या उड्डाणाचे छायाचित्र आपल्यापाशी नाही, मापांची वही नाही, यंत्राचा सांगाडा नाही. जे सांगितले जाते ते बहुतांशी पुढच्या काळातल्या लोकांच्या लेखनातून आलेले आहे. तळपद्यांच्या नावाशी ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा संबंध जोडतात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे, आणि त्यातल्या रचनेची विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निर्णय आहे. म्हणून इतिहासाचा शिक्षक काय सांगू शकतो? एवढेच, की तळपद्यांच्या प्रयत्नाची आख्यायिका आहे, पण उड्डाण झाल्याचा पुरावा नाही. पंखावरचा पत्रा बंद झालेला आहे, आत कोणी पाहिलेले नाही, आणि वही सापडत नाही. अशा पंखावर आपण आपल्या मुलाला बसवू का? मग अशा पुराव्यावर त्याच्या अभिमानाला तरी का बसवावे?

इथे विद्यार्थी हिरमुसतो. म्हणून मी त्याला दुसरी गोष्ट सांगतो. ती मुंबईचीच आहे आणि तिला कागदोपत्री आधार आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. कांदिवलीतल्या एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर त्यांनी अनेक वर्षे खपून सहा आसनांचे विमान बांधले. लेथ, वेल्डिंगचे यंत्र, आणि १८० किलोचे इंजिनसुद्धा, अरुंद जिन्याने वर चढवले. गच्चीवरून विमान उडणार थोडेच? म्हणून ते सुटे करून क्रेनने खाली उतरवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनाच्या वेळी लोकांनी ते पाहिले. विमान तर तयार झाले; पण उडण्याची परवानगी? नागरी विमान वाहतूक खात्याकडे त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, चाचणी उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेले. इमारतीचे पाच मजले उतरावयास एक क्रेन पुरली. कागदांचे मजले चढावयास चार वर्षे लागली.

या चार वर्षांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. एखाद्या माणसाने आपले आयुष्य आणि घरची पुंजी ओतून काही उभे केले, तर सरकारी टेबलाने त्याला ताटकळत ठेवू नये, नियम स्पष्ट असावेत आणि उत्तर वेळेवर मिळावे, ही मागणी रास्तच आहे. पण ‘आपला माणूस आहे, जाऊ द्या, उडू द्या’ असे म्हणणेही त्याच्या हिताचे नाही. मिन्येच्या वाचकांना कोणीतरी वेळीच अडवले असते तर ते वाचले असते. तपासणी ही कारागिराचा अपमान नसते. खरा कारागीर तर तीच मागत असतो. आपल्याकडे पूर्वी सुताराने केलेली नवी बैलगाडी घेताना गिऱ्हाईक चाक उलटे करून, आरे ठोकून, तुंबा बघून मग पैसे मोजी. सुतार रागावत नसे. उलट न ठोकता गाडी नेणाऱ्याला तो मनातून हसत असे.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक विनंती. आपल्या भागात बांबूला तोटा नाही. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हातभर लांबीचा एक पंख करून घ्या. एक कामटी कणा म्हणून, सात-आठ वाकवलेल्या बारीक काड्या फासळ्या म्हणून, वर पतंगाचा कागद. दोघा-दोघांची जोडी लावा. नियम एकच ठेवा. कागद चिकटवण्यापूर्वी शेजारच्या जोडीने आत पाहावयाचे, गाठी मोजावयाच्या, सैल गाठ दिसली तर तोंडावर सांगावयाचे, आणि वहीत तारीख घालून सही करावयाची. मग तो पंख दोन टोकांवर टेकवून मध्ये वाळूच्या पुड्या ठेवीत जा. कोणाचा किती पुड्यांना मोडला तेही लिहून ठेवा. मोडलेला पंख फेकू नका. कुठून मोडला ते बघा. बहुधा ज्या गाठीबद्दल शेजाऱ्याने सांगितले आणि आपण ‘चालेल रे’ म्हटले, तिथूनच तो मोडलेला असेल.

पुढे त्यांतला एखादा मुलगा किंवा मुलगी खरोखरीचे विमान बांधील की नाही, हे कोणी सांगावे? पण त्या वर्गातल्या मुलांना उद्या कोणी येऊन एखादी मोठी अभिमानाची गोष्ट सांगितली, तर ती त्याला विचारतील, “छान आहे. पण याची वही कुठे आहे?” तो प्रश्न विचारताना त्यांच्या मनात अनादर नसेल. कागद चिकटवण्यापूर्वी आत डोकावून पाहण्याची त्यांना सवय लागलेली असेल, इतकेच.